कोऱ्या सोडलेल्या आठ गुणांविषयी

गिरगाव

चि. चिनू,

तुझ्या आईने गणिताच्या चाचणीचा पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 20 पैकी 7. सोबत तू काय म्हणालीस तेही कळवलं: "मला गणिताचं डोकंच नाही." पेपर मी नीट पाहिला. गेलेल्या 13 गुणांपैकी 5 अवयव पाडताना चिन्ह चुकल्यामुळे गेले. उरलेल्या 8 गुणांच्या प्रश्नांना तू पेनही लावलेलं नाहीस. तशीच उदाहरणं गेल्या महिन्यात माझ्यासमोर बसून तू सोडवली होतीस. तेव्हा हे 8 गुण तुझ्या त्या एका वाक्याच्या नावे मांडायला हवेत.

आपल्याला येत नाही असं एकदा मनाने घेतलं की मूल प्रश्न सोडून देतं, शंका विचारत नाही, सराव टाळतं. मग मार्क कमी पडतात आणि समज आणखी पक्की होते. मार्कांवरून विश्वास ठरतो आणि विश्वासावरून पुढचे मार्क, असं हे दोन्हीकडून चालतं. म्हणून आरशासमोर "मी हुशार आहे" असं घोकून काही होणार नाही. त्या विश्वासाला पुरावा लागतो.

आता ही समज आली कुठून ते बघ. लालबागच्या शाळेत तू पहिल्या तिनांत असायचीस. जूनपासून दादरला ज्या वर्गात बसतेस, तिथली निम्मी मुलं आपापल्या शाळेत पहिल्या तिनांतलीच होती. हर्बर्ट मार्श नावाच्या संशोधकाने ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये हेच पाहिलं आणि 1984 मध्ये मांडलं: कुवत सारखीच असली, तरी हुशार मुलांच्या शाळेतलं मूल स्वतःला कमी लेखतं. लालबागहून दादरला येताना तुझं गणित काही बसमध्ये राहिलेलं नाही. शिवाय आपण आपल्याच विषयांची आपसात तुलना करतो. तुझं मराठी उत्तम, म्हणून गणितातले 7 जास्त बोचतात.

मार्कांवरून सगळं ठरत नाही. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. सहा वर्षांनी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांनी सोसलं त्याच्याशी आपल्या अडचणींची बरोबरी करायची नाही. पण केळुसकर नावाच्या गुरुजींनी त्यांना कसं हेरलं ते लक्षात घे. आमच्या इथल्या चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा नेमाने वाचत बसलेला दिसायचा. गुरुजींनी मुलगा रोज काय करतो ते पाहिलं आणि त्याला पुस्तकं दिली. तूही स्वतःकडे तसंच बघ.

रोजच्या थोड्या कामाने काय होतं, त्यासाठी बांडुरा आणि शंक या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1981 मधला एक प्रयोग सांगतो. वजाबाकीत मागे पडलेल्या, गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना सात बैठकांसाठी 42 पानं दिली. काहींना सांगितलं, रोज सहा पानं करा. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत सगळी संपवा. रोजचं लक्ष्य असलेली मुलं वजाबाकीत पुढे गेलीच, आणि आपल्याला जमतं हा त्यांचा भरवसाही जास्त वाढला.

तेव्हा सहामाहीला पहिला नंबर काढीन असले पण करू नकोस. रोज अवयवांची तीन उदाहरणं कर. सुरू करण्याआधी समासात लिही: "जमेल" किंवा "अडेल". झाल्यावर ताडून बघ. "अडेल" लिहिलेली किती सुटतात ते तुझं तुलाच कळेल. जे खरोखर अडेल ते बाईंकडे ने. पण "काहीच कळत नाही" असं म्हणू नकोस. "इथपर्यंत येतं, या पायरीवर अडतं" असं बोट ठेवून दाखव. तसं विचारलं की शिकवणाऱ्यालाही मदत करता येते. आणि परीक्षेत एकही जागा कोरी सोडायची नाही. पहिली पायरी तरी लिहायचीच.

दर रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये. चुकलेलं खोडरबराने पुसायचं नाही, मला ते बघायचंय. आणि आईला सांग, मार्क विचारण्याआधी आज कुठली पायरी कळली ते विचार.

तुझा,
मामा