फिरायला जाणं पुरेसं नाही

जयपूरला मुलाकडे आल्यापासून जवाहर सर्कलच्या बागेतलं माझं सकाळचं फिरणं सहसा चुकलं नाही. तरीही मी पडले, आणि तेही घरात. इकडे हौसेने संगमरवरी फरशी घालतात; तिच्यावर थोडं पाणी सांडलेलं होतं आणि मी गर्रकन वळले. मनगट मोडलं.

मनगट जुळलं. खरं नुकसान पुढे झालं. "आई, तुम्ही बसा, मी देते," असं सून मायेने म्हणायची आणि मी बसायची. प्लास्टर निघेपर्यंत मांड्यांतली ताकद गेली. भीतीने मी पाय घासत चालू लागले, आणि पाय घासणारा माणूस अडखळतोच.

फिजिओथेरपिस्टबाईंनी मला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितलं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. मला बरेच जास्त लागले. "रोज फिरते हो मी!" म्हटलं, तर म्हणाल्या, "सरळ चालून तोल सुधारत नाही. तोल थोडा ढळू द्यावा लागतो आणि सावरावा लागतो."

मग ओट्याला धरून सुरुवात झाली: टाचा उचलणं, आडवी पावलं टाकणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून उभं राहणं. हळूहळू हाताऐवजी बोटं टेकवायची, नंतर तीही सोडायची. सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गुणाचा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला जवळ कुणीतरी हवंच. हे नुसतं माझं मत नाही: वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ मधल्या आढाव्यात अशा व्यायामांच्या शंभरावर चाचण्या तपासल्या होत्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. त्यात तोलाच्या व्यायामांचा उपयोग पक्का दिसला, नुसत्या चालण्याचा नाही.

याच शहरात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला. तो लावणाऱ्यांनाही तोल नव्याने शिकावा लागतो. धडधाकट पायांच्या आपल्याला मात्र सराव नको असतो!

पडलात तर डॉक्टरांपासून लपवू नका. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसह सगळी औषधं त्यांच्यासमोर ठेवा, उठताना चक्कर येते का तेही सांगा. आणि व्यायाम पहिल्यांदा पडण्याआधीच सुरू करा.