भाडेवाढीची नोटीस आणि बारडोलीचा धडा

भाडे वाढवावयाचे असेल तर मालकाने ते भाडेकरूस कसे कळवावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. ज्युबिलीच्या अंकात त्याचे काय काम, असेही कोणी म्हणेल. परंतु धर्मादाय ट्रस्ट हा पुष्कळदा स्वतःच मालक असतो. गाळ्यांच्या आणि खोल्यांच्या भाड्यातून गरीब मुलांची फी भरली जाते, आजाऱ्याला औषध मिळते. आणि त्या गाळ्यात बसणारा भाडेकरूही बहुधा आपल्यातलाच असतो. एका हाताने मदत देणाऱ्या संस्थेने दुसऱ्या हाताने वाढीव भाडे कसे मागावे, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. एका महिन्याच्या पहिल्या तारखेस पावती घेऊन आलेल्या मुलाने दारातूनच सांगितले, “या महिन्यापासून तीनशे जास्त.” दूध, किराणा, आईचे औषध यांचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवलेले होते. आम्ही उसने घेऊन रक्कम दिली. पुढे कळले की घरपट्टी वाढली होती. म्हणजे मागणी अगदीच अकारण नव्हती. पण हे एक वाक्य अगोदर कोणी सांगितले नाही. त्या वर्षी ईदला मालकांच्या घरी शीरखुर्मा पाठविताना आमचा हात प्रथमच अडखळला. गेले ते तीनशे रुपये विसरलो. दारातला तो निरोप मात्र विसरलो नाही.

आता आपल्या गावाची गोष्ट आठवू या. सारा म्हणजे घरभाडे नव्हे, हे खरे. परंतु वाढ मागणारा एक आणि ती सोसणारा दुसरा, हे नाते दोन्हीकडे सारखेच. 1920 नंतरच्या दशकात बारडोली तालुक्याच्या साऱ्याची फेरआकारणी झाली. सेटलमेंट अधिकाऱ्याने सुमारे 30 टक्के वाढ सुचविली. सरकारने ती 22 टक्क्यांवर आणली. या वाढीला मोठा आधार घेतला होता तो जमिनींच्या खंडाच्या, म्हणजे गणोताच्या, आकड्यांचा. हे आकडे गावोगावी नीट तपासलेलेच नाहीत, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती.

12 फेब्रुवारी 1928 रोजी बारडोलीच्या परिषदेत वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा ठराव झाला. त्या ठरावातील मागणी नीट वाचण्यासारखी आहे. “आम्ही काहीच देणार नाही” असे शेतकरी म्हणत नव्हते. जुना सारा पूर्ण वसुली म्हणून घ्या, नाही तर निःपक्षपाती चौकशी नेमा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गुरे जप्त झाली, जमिनी खालसा झाल्या, तरी लोक हलले नाहीत. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. 1929 साली त्यांचा अहवाल आला. खंडाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, असे त्यांना आढळले आणि 22 टक्क्यांची वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. जी तपासणी आधी करावयाची ती शेवटी करावी लागली. मधल्या काळात तालुक्याने जे सोसले ते टळू शकले असते.

यावरून धडा हा की वाढ हा हुकूम नव्हे, तो प्रस्ताव आहे. त्यास कारण लागते, पुरावा लागतो, मुदत लागते आणि समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची तयारी लागते.

कायद्याची दृष्टीही फार वेगळी नाही. ठराविक मुदतीचा करार असेल तर त्या मुदतीत, करारात तशी तरतूद नसल्यास, मालकास एकतर्फी भाडे वाढविता येत नाही. महिन्याच्या बोलीवरील भाडेपट्टा संपविण्यास, वेगळा करार नसेल तर, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 106 व्या कलमाने 15 दिवसांची नोटीस सांगितली आहे. ती लेखी व सहीची असावी. टपालाने पाठवावी, किंवा भाडेकरूच्या अथवा त्याच्या घरातील माणसाच्या हाती द्यावी. जुन्या भाडेनियंत्रण कायद्याखालील घरांची गोष्ट निराळी. 1947 चा मुंबईचा कायदा 1960 नंतर गुजरातेतही चालू राहिला. त्याच्या कक्षेतील घरास प्रमाण भाड्यापेक्षा मनास येईल ते भाडे मागता येत नाही. आपले जे आप्त नंदुरबार-धुळ्याकडे आहेत, त्यांच्याकडे 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात जुन्या घरांना वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा आहे. म्हणून नोटीस लिहिण्याआधी करार काढून वाचावा आणि वकिलास विचारावे.

मालकाने पुढील पाच गोष्टी पाळाव्यात, असे आम्हांस वाटते.

1. वाढ लेखी कळवावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण कुराण शरीफच्या सूरे बकरामध्येही आहे.

2. नोटीस भाडेकरूस वाचता येईल अशा भाषेत असावी. गुजराती वाचणाऱ्यास गुजराती, मराठी वाचणाऱ्यास मराठी. ज्यास वाचता येत नाही त्यास जवळ बसून वाचून दाखवावी.

3. जुने भाडे, नवे भाडे, वाढीचा आकडा आणि लागू होण्याची तारीख स्पष्ट लिहावी.

4. कारण द्यावे. घरपट्टी वाढली असेल तर बिल दाखवावे. दुरुस्ती केली असेल तर खर्च सांगावा.

5. मुदत कायद्यापुरती नव्हे, संसार सावरण्यापुरती असावी. निदान दोन महिने तरी द्यावेत. शाळेच्या फीचा जून महिना शक्यतो टाळावा.

नमुना असा असू शकेल :

“श्री. ——— यांस. आपण आमच्या ——— क्रमांकाच्या खोलीत राहत आहात. सध्याचे भाडे दरमहा 2,000 रुपये आहे. घरपट्टी व छताच्या दुरुस्तीचा खर्च वाढल्यामुळे ते 1 ऑक्टोबरपासून 2,200 रुपये करावे, असा आमचा विचार आहे. बिले कार्यालयात पाहावयास मिळतील. आपले म्हणणे 31 ऑगस्टपर्यंत लेखी अथवा समक्ष कळवावे; त्याचा विचार करूनच पुढे ठरवू. सही, तारीख.”

या पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक भाडेकरूस द्यावी आणि दुसरीवर पोहोच म्हणून त्याची सही घ्यावी. सही म्हणजे वाढीस संमती नव्हे, हे त्यास आधीच सांगावे. त्याने सही न केल्यास चिडू नये. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. आणि नवे भाडे घेतल्यावर पावती न चुकता द्यावी.

भाडेकरूचेही कर्तव्य आहे. पत्र आले की ते कपाटात टाकून गप्प बसू नये. वाढ पटत नसेल तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि निर्णय होईपर्यंत जुने भाडे वेळच्या वेळी देत राहावे. ट्रस्टच्या उत्पन्नावर कोणाची तरी फी अवलंबून असते, हे भाडेकरूने विसरू नये. विश्वस्तांनीही हे ध्यानात ठेवावे की ज्या मुलाची फी आपण भरतो, तो कदाचित आपल्याच भाडेकरूचा मुलगा असेल.

शेवटी विश्वस्तांस एक नम्र सूचना. वर्षातून एकदा सर्व भाडेकरूंस कार्यालयात बोलवावे, चहा द्यावा, आणि वर्षाचा जमाखर्च त्यांच्यापुढे वाचावा. ज्यास खर्च ठाऊक आहे त्यास वाढीची नोटीस अनपेक्षित वाटणार नाही. बारडोलीच्या शेतकऱ्याने सरकारपाशी मागितले ते चौकशी आणि न्याय. आपण आपल्या भाडेकरूस तेवढे तरी, त्याने मागण्यापूर्वीच, द्यावे.