लाल फुली

सातारा, रविवार रात्र

प्रिय सायली,

आज जेवायला आलीस, पण थालीपीठ अर्धंच मोडलंस आणि लोण्याची वाटी काही न बोलता माझ्याकडे सरकवलीस. मग पर्समधून ती वही काढलीस. रोज सकाळचं वजन, दशांशासकट: ७८.४, ७७.९, ७८.६. त्या ७८.६ पुढे लाल शाईची फुली. तू गेल्यापासून ती फुली डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

एका रात्रीत सातशे ग्रॅम चरबी चढत नाही, बाळा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आदल्या दिवशी तू जेमतेम बाराशे कॅलरी खाल्ल्यास, मग चरबी आली कुठून? ते पाणी होतं. जेवणात मीठ जास्त पडलं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की काटा हलतो. उलट, खाणं एकदम तोडलं की यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर संपते, आणि तिच्यासोबत तिच्या तिप्पट-चौपट वजनाचं पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात टीव्हीवर टाळ्या पडतात त्या बऱ्याचशा या पाण्याला.

तू रात्री जागून बघतेस तो वजन घटवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम, ‘द बिगेस्ट लूजर’, अमेरिकेत २००४ साली सुरू झाला. २००७ साली आपल्याकडे त्याची हिंदी आवृत्तीही येऊन गेली. मी तेव्हा आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते. आठवड्याला पाच किलो का उतरत नाहीत, असं विचारत आणि स्वतःलाच दोष देत बायका समोर बसायच्या. त्यांना मी अर्धा किलो, फार तर एक किलो, असं सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा पडायचा. आज तुझा तसाच पडला.

त्या स्पर्धकांचे कष्ट खोटे नव्हते, हे मी आधीच सांगते. पण घर, नोकरी, मुलं सगळं मागे ठेवून दिवसाचे कित्येक तास घाम गाळायचा, वर खाणं तोडायचं, आणि शेवटी सगळा निकाल एका काट्यावर. बक्षीस अडीच लाख डॉलर. पहिल्या पर्वाचा विजेता रायन बेन्सन याने पुढे उघड सांगितलं, की शेवटच्या वजनासाठी आपण उपाशी राहिलो, अंगातलं पाणी घालवलं, लघवीतून रक्त जाईपर्यंत. काटा मात्र चरबी, पाणी आणि स्नायू सगळं एकाच आकड्यात मोजतो.

२००९ सालचा विजेता डॅनी केहिल १९५ किलोंवरून ८७ वर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल यांनी त्याच पर्वातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०१६ साली छापून आला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत चढले होते. त्याहून मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्या आकड्याने. त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढ्या कॅलरी जाळायला हवं होतं, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कमी जाळत होतं, तेही सहा वर्षांनंतर! पोट भरल्याची खूण मेंदूला देणारं लेप्टिन स्पर्धेच्या शेवटी अगदी तळाला गेलं होतं आणि नंतरही पहिल्याइतकं झालं नव्हतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. याला कुणी मनाचा दुबळेपणा म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही. त्यांच्यातल्या ज्यांनी घटवलेलं वजन बऱ्यापैकी राखलं, त्यांनी रोजची हालचाल वर्षानुवर्षं चालू ठेवली होती. पण ते दाखवायला कॅमेरा तिथे नव्हता.

तुमच्या ऑफिसात चाललेली वजन घटवण्याची स्पर्धाही बारा आठवड्यांत संपेल, आणि तेराव्या आठवड्यात तुला भाकरी खायचीच आहे. म्हणून नाव मागे घे. घेववत नसेल, तर भाग घे, पण जिंकायला जाऊ नकोस. आत्ताच्या जेवणातली एक चपाती कमी कर, वाटीभर उसळ वाढव, रोज अंडं किंवा दही खा. स्टँडवरून रिक्षा न करता चालत जा. आठवड्यातून दोनदा वजनं उचल, म्हणजे उतरेल ते स्नायूंतून फारसं उतरणार नाही. वजन आठवड्यातून एकदाच बघ आणि शेजारी कमरेचं मापही लिही. सहा महिन्यांत आठ किलो उतरले, तर मी पेढे वाटेन.

जिना चढताना चक्कर येते, असं निघता निघता म्हणालीस. ते मला मुळीच आवडलं नाही. मंगळवारी उपाशीपोटी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घे. त्या दिवसापर्यंत रात्रीचं जेवण टाळू नकोस. रिपोर्ट आले की आधी मला फोन कर, आईला मी सांगेन.

तुझी,
मावशी