खारपाणपट्ट्यातला कूलर: होळीनंतरची तयारी

मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाला चक्क उन्हापायी कलम १४४ लावावे लागले. अमरावतीची गतही फार वेगळी नसते. पण वऱ्हाडचे ऊन कोरडे आहे आणि कूलर चालतो तो याच कोरडेपणावर. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर नीट भिजलेल्या ताटीतून येणारा वारा २८-२९ अंशांपर्यंत उतरतो. तसा उतरत नसेल तर दोष बहुधा ताटीत, पाण्यात किंवा बंद खिडकीत सापडतो. होळी झाली की एक सकाळ काढा आणि घरचा किंवा दुकानातला पत्र्याचा कूलर पुढील क्रमाने लावा.

साहित्य: तीन नव्या वूडवूलच्या ताट्या (किंवा सुटे वूडवूल आणि सुतळी), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, टाकीसाठी डांबरी काळा रंग, लिंबूसत्त्व, मशीन ऑइल, टेस्टर, थ्री-पिन प्लग.

कृती

१. प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल, तर ते बंद असतानाही वायरिंगमध्ये करंट राहतो. पंखा नुकताच चालवून पाहिला असेल तर कंडेन्सरला हात लावू नका. त्यात काही वेळ करंट साठून असतो.

२. तिन्ही जाळ्या काढून जुने वूडवूल फेकून द्या. धुऊन परत वापरण्याचा मोह नको. क्षार बसलेले वूडवूल पाणी धरत नाही आणि वाराही अडवते.

३. टाकी तारेच्या ब्रशने घासा. गंजलेल्या जागी पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा आणि डांबरी रंगाचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत मुळीच ओतू नका. ते पत्र्यावरचा जस्ताचा थर खाते.

४. पंपाची जाळी उघडून केस आणि कचरा काढा. बादलीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा आणि पाण्याच्या नळ्या त्यात तासभर बुडवून ठेवा. वरच्या पन्हळीची भोके सुईने मोकळी करा. एक भोक बुजले की त्याखालची ताटी कोरडी राहते आणि तेवढ्या भागातून गरम झळ आत येते.

५. पंख्याची पाती पुसा, बुशमध्ये मशीन ऑइलचे दोन-चार थेंब सोडा आणि पाते हाताने फिरवून पाहा. ते सहज फिरते, पण चालू केल्यावर पंखा नुसता गुणगुणतो, असे असेल तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. तो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

६. नवी ताटी सारख्या जाडीची भरा. ओले झाल्यावर वूडवूल खाली बसते आणि वरच्या कडेला फट पडते, म्हणून तिथे मूठभर जास्त दाबा. ताटी उजेडासमोर धरा. आरपार दिसले तर तिथे आणखी भरा. पहिले पाणी तपकिरी येते, ते काढून टाका.

७. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खारवट जमिनीत अर्थिंगचा पाइप लवकर गंजतो, आणि काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवला तर उत्तम.

८. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत ठेवा. समोरची खिडकी उघडी हवी, निदान कूलरच्या तोंडाएवढी. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात घाम फुटतो. दुकानासाठी सोपा हिशेब: लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि निम्मे करा. १० बाय २० फुटांच्या, १० फूट उंच दुकानाला मिनिटाला १,००० घनफूट वारा देणारा कूलर पुरतो.

९. आधी पंप सुरू करा. ताट्या पूर्ण भिजायला दहा मिनिटे द्या आणि मग पंखा लावा.

पाण्याचे पथ्य

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत, बोअरचे पाणी खारे आहे. मोठा कूलर तासाला दहा-वीस लिटर पाणी सहज उडवतो. क्षार मात्र मागेच राहतात आणि टाकीतले पाणी दिवसागणिक अधिक खारट होते. म्हणून बोअरचे पाणी वापरत असाल तर दर दोन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. काटेपूर्णेचे किंवा ऊर्ध्व वर्धाचे नळाचे पाणी असेल तर आठवड्यातून एकदा पुरे, पण तो एक दिवस चुकवू नका. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि अंडी टाकीच्या कडेला चिकटून असतात. त्यामुळे पाणी काढून कडा घासा आणि टाकी कोरडी होऊ द्या. काढलेले खारे पाणी कुंड्यांना घालू नका, अंगण धुवायला वापरा.

मृग लागला, हवेत ओल आली की कूलरचा गारवा संपतो. मग पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. दुकानात एसीही असेल तर दोन्ही एकत्र लावू नका. कूलरची ओल सुकवण्यातच एसीची वीज जाते. एसी २४ अंशांवर ठेवा आणि दार बंद करा. पाऊस स्थिरावला की टाकी कोरडी करा, ताट्या काढा आणि कूलर झाका.

ओल्या हाताने, अनवाणी, चालू कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून माणसे दगावतात. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या पोरांना, कामाला येणाऱ्या बाईंना आणि उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांनाही आठवणीने सांगा.