कमरेवरून टाकण्याचा डाव

कुस्ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जत्रेतला फड कोणी पाहिला नाही? जपान देशातही अशीच एक झुंज आहे. तिला ज्यूदो म्हणतात. 'ज्यू' म्हणजे मऊ, लवचिक. 'दो' म्हणजे मार्ग. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकांनी १८८२ साली टोकियो शहरात, एका देवळाच्या जागेत, ती शिकवायला सुरुवात केली. १९६४ साली टोकियोलाच ऑलिंपिक सामने भरले. त्यांत ज्यूदो पहिल्यांदा आला. १९९२ पासून बायकांनाही त्यात पदके मिळू लागली.

कुस्ती उघड्या अंगाने होते. ज्यूदोत अंगात जाड सुती अंगरखा असतो, कमरेला पट्टा असतो. पकड या कपड्याची. त्यातला एक डाव आज पाहू. त्याचे नाव ओ-गोशी, म्हणजे मोठी कंबर. आपला ढाक डाव पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

पण थांबा. टाकण्याआधी पडायला शिकायचे असते. आम्ही हे उलटे केले होते. नोकरीत असताना एका शिबिरात हा डाव आम्ही पाहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी मुलांना दाखवला. तोही कडक मैदानावर. एक पोरगा पडताना हात टेकायला गेला. मनगट मोडलं. त्याच्या आईला सांगायला आम्हीच गेलो. पेरणीचे दिवस होते, आणि घरात कामाचे हात तेवढेच. बाई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

म्हणून आधी पडणे. हनुवटी छातीला लावा. नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. म्हणजे डोके आपटत नाही. हात टेकायचा नाही. पाठ टेकताच सबंध हात, तळवा खाली करून, चटईवर सपाट मारायचा. धक्का हातभर वाटला जातो. हे बसल्या जागेवरून करा, मग उकिडवे बसून, मग उभ्याने.

आता डाव. डाव्या हाताने जोडीदाराची उजवी बाही कोपराजवळ धरा. उजव्या हाताने अंगरखा छातीशी धरा. त्याला आपल्याकडे आणि जरा वर ओढा. त्याच्या टाचा उचलल्या पाहिजेत. भरलेला हंडा कलला की पोरसुद्धा तो लवंडते. तसेच हे. तोल मोडला नाही, तर पुढचे सगळे फुकट.

लगेच उजवा पाय त्याच्या उजव्या पायापुढे, आतल्या बाजूला ठेवा. उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून पाठीवर न्या. डावीकडे वळा. डावा पाय मागे आणून त्याच्या डाव्या पायापुढे ठेवा. आता दोघांची तोंडे एकाच दिशेला झाली. आपली पाठ त्याच्या पोटाला चिकटली. कळलं का? नसेल तर पुन्हा वाचा, आणि उठून करून पाहा.

गुडघे वाकवा. आपली कंबर त्याच्या कमरेखाली गेली पाहिजे. बहुतेक जण इथेच चुकतात. पाय ताठ ठेवतात आणि पाठीतून वाकतात. हमाल पोते कसे घेतो? आधी खाली बसतो, मग पायांच्या जोराने उठतो.

तसेच गुडघे सरळ करा. डाव्या हाताने बाही पुढे ओढा, मान डावीकडे वळवा. जोडीदार कमरेवरून येऊन आपल्यासमोर पाठीवर पडेल. बाही मात्र सोडू नका. शेवटी ती वर ओढून धरा. म्हणजे त्याचे डोके चटईला लागत नाही, आणि मोकळ्या डाव्या हाताने त्याला चटई मारता येते.

सामन्यात असा जोराने, झपाट्याने आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकला, की झुंज तिथेच संपते. पण पहिले काही दिवस टाकूच नका. जाणत्या माणसासमोर, जाड चटईवर, नुसते आत शिरा, कमरेवर उचला आणि हळूच खाली ठेवा. दहा वेळा आपण. मग दहा वेळा जोडीदाराने.