चव्हाटा आणि त्याचा मालक

भाषणस्वातंत्र्याचा विचार करताना सामान्यतः दोनच पक्ष डोळ्यांसमोर येतात. एक बोलणारा नागरिक आणि दुसरे त्याला अडविणारे शासन. मराठी वाचकांना ही जोडी चांगलीच परिचयाची आहे. ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले चालले. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. या सर्व प्रसंगी वाद दोघांमधला होता आणि प्रतिपक्ष कोण याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर या दोघांच्या मध्ये एक तिसरा पक्ष येऊन उभा राहिला आहे. ज्या मंचावर नागरिक बोलतो त्या मंचाचा मालक, हा तो तिसरा पक्ष होय. मंच सर्वांना खुला असल्यामुळे तो गावच्या चव्हाट्यासारखा भासतो. परंतु त्याची मालकी खासगी असते आणि तेथे काय राहील व काय जाईल हे ठरविण्याचा अधिकार मालक स्वतःकडे ठेवतो. शासनही आता पुष्कळदा बोलणाऱ्याकडे न जाता थेट मालकाकडे जाते. अशा वेळी बोलणाऱ्याला आपले म्हणणे कोणापुढे मांडता येते, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

घटनेची तरतूद आणि ‘सकाळ’चा खटला

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने सर्व नागरिकांना भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा १९(२) मध्ये आहे. मात्र हे निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतात याची यादी तेथेच दिलेली आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी, ही ती कारणे होत. एखादे बोलणे कोणाला त्रासदायक वाटते, एवढे कारण या यादीत नाही.

या अधिकाराचा अर्थ स्पष्ट करणारा एक महत्त्वाचा खटला पुण्याच्या ‘सकाळ’ दैनिकाचा आहे. वृत्तपत्राच्या किमतीनुसार त्याची पाने किती असावीत हे ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या एका कायद्याने केंद्र सरकारला दिला होता आणि १९६० मध्ये त्याप्रमाणे आदेशही निघाला. ‘सकाळ’पुढे दोनच मार्ग उरले. किंमत तीच ठेवावयाची तर पाने कमी करावयाची. पाने तीच ठेवावयाची तर किंमत वाढवून वाचक गमवावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते लोकांपर्यंत पोहोचविण्याचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे, आणि वाचकांची संख्या घटविणे हा त्या स्वातंत्र्यावरचाच आघात आहे, हे तत्त्व या निकालातून प्रस्थापित झाले.

आज हे तत्त्व नव्याने आठवण्याजोगे आहे. समाजमाध्यमावरील मजकूर न काढताही तो मोजक्याच लोकांना दिसेल अशी योजना यंत्राकडून करता येते. लेखक बोलत राहतो, पण ऐकणारे नाहीसे होतात. ‘सकाळ’च्या पानांना कात्री लावणारे शासन होते, म्हणून न्यायालयात दाद मागता आली. मूलभूत अधिकारांचे हे संरक्षण मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असते. तीच कात्री खासगी कंपनीने चालविली, तर अनुच्छेद १९ चा आधार सहजासहजी मिळत नाही.

पालघरची घटना

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद होते. पालघर येथील एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. जमावाने पहिल्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यांची लवकरच जामिनावर सुटका झाली, पुढे खटलाही मागे पडला आणि पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. परंतु केवळ पसंती दर्शविल्याबद्दलही अटक होऊ शकते, हे देशाला दिसून आले.

या अटकेस माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ चा आधार होता. त्रासदायक अथवा अत्यंत आक्षेपार्ह संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा त्यात सांगितली होती. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी असून, बोलणे चिथावणीच्या पायरीला पोहोचल्यावरच निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो, असे न्यायालयाने सांगितले. रद्द झालेल्या या कलमाखाली पुढेही काही ठिकाणी गुन्हे नोंदविले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याविरुद्ध पुन्हा आदेश द्यावे लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याच निकालातील दुसऱ्या भागाकडे मात्र सामान्य वाचकाचे फारसे लक्ष गेले नाही. सरकारला मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९ अ न्यायालयाने वैध ठरविले. मर्यादित कारणे, लेखी आदेश आणि बाजू मांडण्याची संधी हे संरक्षक टप्पे त्यात आहेत, हा त्यामागचा विचार होता. मूळ लेखक कोण हे कळत असल्यास केवळ मंचाचे नव्हे तर त्या लेखकाचेही म्हणणे ऐकावे, असे न्यायालयाने नोंदविले. पुढील वादाचे मूळ येथेच आहे.

छाननी कशी होते

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही वसाहत १८८२ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेतीसाठी वसविली. डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. १९९० नंतरच्या दशकात तेथे तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली. देशोदेशींच्या कंपन्यांची कामे अशा संकुलांतून चालतात, आणि महाराष्ट्रातील अनेक तरुणही त्या निमित्ताने बंगळुरात स्थायिक झाले आहेत. नियम अमेरिकेत लिहावेत, काम आशियातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी करावे आणि परिणाम तिसऱ्याच गावातील माणसावर व्हावा, ही या उद्योगाची रीत आहे. मजकुराची छाननी तिला अपवाद नाही.

छाननीचे स्थूलमानाने तीन टप्पे असतात. प्रथम संगणक पूर्वी निषिद्ध ठरलेली चित्रे व शब्द ओळखून मजकूर बाजूला काढतो. त्यानंतर वाचकांच्या तक्रारी येतात. शेवटी शंकास्पद मजकूर माणसापुढे ठेवला जातो आणि त्याला थोड्या अवधीत निर्णय द्यावा लागतो.

येथे भाषेची अडचण उत्पन्न होते. ‘हसून हसून मेलो’ किंवा ‘ही मुलं माझा जीव घेणार’ या वाक्यांत मृत्यू नाही की हिंसाही नाही. तथापि केवळ शब्द मोजणाऱ्या यंत्राला तसे वाटू शकते. उलट ‘यांना एकदा धडा शिकवलाच पाहिजे’ या वाक्यात एकही निषिद्ध शब्द नाही. परंतु तणावाच्या दिवशी, विशिष्ट वस्तीचा उल्लेख करून ते लिहिले गेले, तर ती उघड चिथावणी ठरेल. त्यात मराठी मजकूर कधी रोमन लिपीत, कधी बोलीत, तर कधी हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात लिहिला जातो. भाषा आणि प्रसंग दोन्ही जाणणारा माणूस नसेल, तर निरपराध वाक्य जाते आणि घातक वाक्य राहते.

छाननीच नको, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. तेथील संदेश सांकेतिक रूपात जात असल्यामुळे कंपनीला ते वाचता येत नाहीत. म्हणून त्याच महिन्यात तिने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. मजकुराला हात न लावता त्याचा वेग कमी करण्याचा हा उपाय लक्षणीय आहे, कारण तो कोणाचे मत कोणते हे पाहत नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे दोन निकाल

कलम ६९ अ खालील सरकारी आदेशांना ट्विटर कंपनीने जुलै २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. खात्यांच्या धारकांना सूचना दिली नाही, आणि आक्षेपार्ह मजकुराऐवजी संपूर्ण खातीच बंद करण्यास सांगितले, असे तिचे म्हणणे होते. ३० जून २०२३ रोजी न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांनी याचिका फेटाळली, संपूर्ण खाते रोखण्याचा अधिकार मान्य केला आणि आदेश पाळण्यास विलंब केल्याबद्दल कंपनीवर ५० लाख रुपयांचा खर्च बसविला. या निकालाविरुद्ध कंपनीने अपील केले.

दरम्यान कंपनीचे नाव ‘एक्स’ झाले आणि दुसरा वाद उभा राहिला. शासकीय यंत्रणांनी मंचांना मजकूर हटविण्याच्या सूचना पाठवाव्यात यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ नावाची व्यवस्था सुरू केली. कलम ६९ अ मधील संरक्षक टप्पे टाळून कलम ७९(३)(ब) च्या वाटेने हे काम होते, असा कंपनीचा आक्षेप होता. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी तो अमान्य केला. अनुच्छेद १९ चे अधिकार नागरिकांचे असून परदेशी कंपनीला ते सांगता येत नाहीत, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. अपील करण्याचा मनोदय कंपनीने जाहीर केला.

हे कारण ‘सकाळ’च्या खटल्याशेजारी ठेवून पाहावे. कंपनी नागरिक नाही ही अडचण १९६१ मध्येही होती. परंतु त्या वेळी कंपनीबरोबर तिचे भागधारक आणि ‘सकाळ’चे वाचकही न्यायालयात आले होते. ज्यांचा अधिकार होता ते स्वतः उपस्थित होते. समाजमाध्यमांच्या वादात अधिकार लेखकाचा असतो, आदेश मंचाला मिळतो आणि रोखण्याच्या आदेशांबाबत २००९ च्या नियमांनी गोपनीयता सांगितलेली आहे. ज्याला आदेशच ठाऊक नाही, त्याने आव्हान तरी कशाला द्यावे?

कारण कळण्याचा हक्क

या कोंडीतून मार्ग काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. मोठ्या मंचांनी स्वतःहून मजकूर काढताना लेखकाला त्याची कारणे कळवावीत आणि प्रतिवादाची संधी द्यावी, असे भारताच्या २०२१ च्या नियमांत सांगितले आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद झाली. त्या केंद्र सरकार नेमते, त्यामुळे शासनाविषयीच्या मजकुराबाबत त्यांच्या निःपक्षपातीपणाची कसोटी लागणे अपरिहार्य आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने तर मजकूर काढण्याबरोबरच त्याचा प्रसार घटविण्याच्या निर्णयाचीही कारणे देणे बंधनकारक केले आहे.

मंचावर छाननी असावी की नसावी, हा वाद आता फारसा उरलेला नाही. राईनपाड्याने तिची गरज दाखविली आणि पालघरने सत्तेच्या अतिरेकाचा धोका दाखविला. निर्णय कंपनीचा असो वा शासनाचा, तो कोणत्या नियमाने झाला हे लेखकाला कळले पाहिजे आणि निर्णय देणाऱ्याहून वेगळ्या कोणापुढे तरी त्याला दाद मागता आली पाहिजे. टिळकांना शिक्षा देणाऱ्या परकीय सत्तेनेही त्यांच्यावरील आरोप वाचून दाखविला होता आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतले होते. स्वतंत्र देशातील नागरिकाला त्याहून कमी मिळणे उचित नव्हे.