पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रा : पैसा, दक्षिणा आणि बक्षिसी

कुरुंदा, वसमत, औंढा या परिसरातील अनेक भाविक आयुष्यात एकदा तरी पशुपतिनाथाचे दर्शन घडावे, अशी इच्छा बाळगून असतात. काशी-अयोध्या करून गोरखपूरमार्गे सोनौलीची सीमा ओलांडली की नेपाळ लागते. भारतीय नागरिकास तेथे व्हिसा लागत नाही, पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. भाषा बरीचशी समजते, देवही आपलेच. त्यामुळे परदेशात आल्याचे भान राहत नाही. घोटाळा होतो तो पैशात, कारण दोन्ही देशांच्या चलनाचे नाव एकच आहे : रुपया.

सन 1993 पासून 100 भारतीय रुपयांस 160 नेपाळी रुपये हा दर कायम आहे. तेथील बाजारात भारतीय चलनास ‘आयसी’ व नेपाळी चलनास ‘एनसी’ म्हणतात. मुक्तिनाथाचे स्थान 3,700 मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने वयस्कर भाविक वाटेवर घोडा करतात. घोडेवाला ‘हजार’ म्हणाला आणि यात्रेकरूने शंभराच्या दहा भारतीय नोटा काढून दिल्या, तर 625 रुपयांच्या कामास हजार मोजले गेले. पुढे हिशेब ध्यानात आला म्हणजे फसवणुकीचा आरोप होतो. वास्तविक घोडेवाल्याने आपल्या देशाचा रुपया सांगितला, यात्रेकरूने आपल्या देशाचा दिला. याच्या उलटही घडते. दर भारतीय रुपयांत ठरलेला असतो, हाती नेपाळी नोटा पडतात आणि कष्टकऱ्याची मजुरी बुडते. म्हणून घोड्यावर बसण्यापूर्वी, ओझे उचलू देण्यापूर्वी ‘आयसी की एनसी?’ एवढे विचारून घ्यावे. त्यात संकोच नसावा. तेथील लोक स्वतःच हा प्रश्न विचारतात.

नोटांविषयी मागील काही वर्षांत नियम वरचेवर बदलले. 2016 च्या नोटाबंदीत अनेक नेपाळी कुटुंबांकडील जुन्या भारतीय नोटा अडकून पडल्या. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांस मनाई केली. 2025 च्या अखेरीस भारतीय रिझर्व्ह बँकेने अशा मोठ्या नोटा 25,000 रुपयांपर्यंत नेपाळात नेण्याची मुभा दिली. तथापि गावोगावचा दुकानदार पाचशेची नोट घेईलच असे नाही. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि खर्चापुरत्या शंभराच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा घ्याव्यात. मार्च 2024 पासून भारतीय यूपीआयने नेपाळातील ‘फोनपे’ या व्यवस्थेच्या क्यूआर फलकावर पैसे देता येतात. (आपल्याकडील अ‍ॅपचा उच्चारही तोच असला तरी दोन्ही संस्था वेगळ्या आहेत.) मात्र मोबाईलला तेथे इंटरनेट हवे. डोंगरात रोख रकमेवाचून भागत नाही.

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याची वस्तू नेता येत नाही. कमरेचा पट्टा आणि पाकीट दोन्ही बाहेर ठेवावे लागतात व ऐन गर्दीत पैसे कोणाकडे सोपवावेत हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडील कापडी बटवा येथे फार उपयोगी पडतो.

दक्षिणेत आपली रीत अकरा, एकवीस, एकशे एक अशी असते. वरचा रुपया हे भारतीय नाणे असेल, तर घेणाऱ्यास ते पुढे खपवणे अवघड जाते. रीत पाळावयाची असल्यास वरचा रुपया नेपाळी घालावा. पूजेचा संकल्प सुरू झाल्यावर घासाघीस करणे शोभत नाही. विधी व रक्कम आधी ठरवावी, आणि मोठी देणगी पावती घेऊनच द्यावी.

बक्षिसी ही मजुरी नव्हे. उपाहारगृहाच्या बिलात 13 टक्के मूल्यवर्धित कर असतो, काही ठिकाणी सेवाशुल्कही असते. ते लावलेले असल्यास वेगळी बक्षिसी देण्याचे बंधन नाही. परंतु ज्याने वृद्ध मातेस हात धरून पायऱ्या चढविल्या, त्या भारवाहकास ठरलेल्या मजुरीवर काही द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यास ‘दाजु’, वयाने लहान असल्यास ‘भाइ’ म्हणावे. देताना उजवा हात पुढे करून डावा हात उजव्या कोपरास लावण्याची तेथे पद्धत आहे. मोडीच्या नावाखाली उरलेली भारतीय चिल्लर त्याच्या हाती ठेवू नये.

बसने जाणाऱ्या मंडळींनी चालक, सहायक व आचारी यांच्या बक्षिसीची वर्गणी पहिल्याच दिवशी जमा करून एका विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. शेवटच्या मुक्कामी ती मागितली की कोणी झोपलेले असते, कोणाचे पैसे संपलेले असतात. भारतीय वाहनास सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकात कार्यालयात दिवसांप्रमाणे शुल्क भरावे लागते. ती पावती परत येईपर्यंत जपावी.

परतताना उरलेल्या नेपाळी नोटा सीमेवरच बदलून घ्याव्यात. 100 नेपाळी रुपयांचे साडेबासष्ट भारतीय रुपये होतात, बदलून देणारा त्यातून थोडे कापून घेतो. गोरखपूरच्या फलाटावर त्या नोटांचा चहासुद्धा मिळत नाही.